विहिरीच्या आठव्या परसाला निघालेली गारगोटी: हे नक्की काय आहे?

माळावरचा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

संगमनेर तालुक्यात आमचं शेत आहे. धाकट्या भावानं यंदा नवी विहीर धरली. वर तीन फूट काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या. त्याच्याखाली काळा फत्तर लागला तो चार परस (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) सरेचना. सुरुंगावर सुरुंग. मग अचानक हातभर जाडीचा लाल पट्टा आला, गेरूसारखा, ओला केला की चिकट. तो संपला आणि खाली भोकाभोकांचा खडक लागला, भोकांत पांढरे दाणे. परवा आठव्या परसाला सुरुंग उडाल्यावर धूर बसला आणि एका बाजूला भगदाड दिसलं. कळशी आडवी मावेल एवढं. आत बॅटरी मारली तर सगळं लखलख.

आत तीन तऱ्हेचे खडे आहेत.
पहिला: पांढरा, किंचित गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखा. मध्ये आवळलेला, दोन्ही टोकांना फुललेला. मोत्यासारखी चमक.
दुसरा: काचेसारखा स्वच्छ, चौकोनी खांब आणि वर देवळाच्या शिखरासारखं टोक. दोन-तीन खड्यांना फिकी हिरवट झाक.
तिसरा: मधासारखा पिवळट गठ्ठा. फुटला की तिरक्या चौकोनी वड्या पडतात.

आजी म्हणते गारगोटी. यारीवरचा गडी म्हणतो स्फटिक. गावात आवई उठलीय की हिरे निघाले. काल एक माणूस मोटारसायकलवर येऊन "सगळा माल उचलतो" म्हणून गेला. माझे प्रश्न दोन: हे आहे काय, आणि काळ्या फत्तराच्या पोटात हे गेलं कसं?

शंकासूर
हिरे असते तर तो मोटारसायकलवर आला नसता.

घणकर
दादा, पहिलं काम: त्या बाजूचे सुरुंग थांबवा. आमचं घराणं वडाराचं, वडिलांची सगळी हयात खाणीत गेली. अशी पोकळी लागली की लोक पहार घालून उपटतात आणि चुरा हातात येतो. कडेनं छिन्नी लावायची आणि खडे खालच्या खडकाच्या पाटासकट सोडवायचे. एकेक खडा सुटा केलात तर त्याला कोणी विचारत नाही.

आणि गारगोटी असेल तर लोखंडावर घासून ठिणगी पडते. पाडून बघा.

कातळकाकू
माळावरचा, तुम्ही विहिरीचं जे वर्णन केलंय ना, ते मी तीस वर्षं पोरांना फळ्यावर काढून दाखवत होते. (महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त.) तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच देऊन बसलाय.

आपला काळा फत्तर म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढत गेले. झिजून उरलेला भागसुद्धा आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या कड्यांना लांबून ज्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, सापळ्याशी त्याचा संबंध नाही.

आता एक थर घ्या. लाव्हा बाहेर आला की त्यातला वायू बुडबुडे होऊन वर पळतो. वरची साय आधी घट्ट होते आणि बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा भोकाभोकांचा आणि पोट सलग, टणक. माथा उघड्यावर पडला की ऊनपावसानं कुजतो, त्यावर राखमाती साचते. मग वरून पुढचा लाव्हा येतो आणि ते सगळं भाजून काढतो. तोच तुमचा लाल पट्टा.

म्हणजे चार परस तुम्ही वरच्या लाव्हाचं पोट फोडत होतात. लाल पट्ट्याला दोन लाव्हांचा सांधा ओलांडला आणि खालच्या, म्हणजे आधीच्या लाव्हाच्या माथ्यात शिरलात. पोकळी तिथेच मिळणार होती.

खड्यांची ओळख वर्णनावरून सांगते, खात्री नंतर करू. पेंढीसारखा तो स्टिल्बाइट. शिखरवाला ऍपोफिलाइट. मधाच्या रंगाचा कॅल्साइट. यातलं एकही गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, नाही, आजींची माफी मागून.

परदेशी_पावणा
ऍपोफिलाइट! मी न्यू जर्सीत असतो. ऍरिझोनातल्या टूसॉन गावी दर हिवाळ्यात दगडांचा मोठा बाजार भरतो, तिथे एकदा गेलो होतो. टेबलामागून टेबलं जळगाव, नाशिक, पुणे, औरंगाबाद अशी लेबलं. आपल्याकडच्या डबराच्या खाणीतला माल इथे काचेच्या पेटीत दिवे लावून ठेवलेला. मी तिथे उभा राहून बायकोला फोन केला की अगं, सावद्याचा दगड आहे.

गंमत म्हणजे आमच्या इथे पॅटरसनजवळही बेसाल्ट आहे, आपल्यापेक्षा खूप जुना, वीसेक कोटी वर्षांचा, आणि त्याच्याही भोकांत हेच सगळे भाऊबंद निघतात.

शंकासूर
काकू, पण मग हे खडे लाव्हा थंड होतानाच झाले ना? साखरेचा पाक थंड झाला की खडीसाखर बसते तसे?

कातळकाकू
नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. लाव्हा बाहेर येताना ११०० ते १२०० अंश सेल्सियस असतो. स्टिल्बाइटच्या अंगात पाणी असतं, बाहेरून लागलेलं नव्हे, रचनेतच धरलेलं. इतक्या उष्णतेत तो जन्मालाच येऊ शकत नाही. त्याला साधारण दोनशे अंशांच्या आतलं, कोमट ते कढत पाणी लागतं.

तेव्हा क्रम असा: आधी लाव्हा, मग रिकामा बुडबुडा. मग त्याच्यावर आणखी थर चढून तो खोल पुरला गेला. खडकातून पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यानं बेसाल्टमधली काच (झटकन थंड झाल्यामुळे खडे न बनलेला लाव्हा) आणि फेल्स्पार हे खनिज थोडं थोडं विरघळवलं, त्यातलं कॅल्शियम, सिलिका, ॲल्युमिनियम उचललं आणि पोकळीत आणून ठेवलं. बहुतेक पोकळ्यांत भिंतीला पहिला हिरवट मातकट लेप असतो, त्यावर एकेक खनिज चढत जातं. कॅल्साइट बरेचदा उशिरा येतो. शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या काही ऍपोफिलाइटची वयं काढली, तर ती खडकापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाली. घर जुनं, भाडेकरू नंतरचे.

माळावरचा, तुमच्या भगदाडाच्या भिंतीला हिरवा लेप आहे का बघा बरं.

माळावरचा
आहे! शेवाळ समजून मी बोटानं खरवडला होता. नखात गेला तो अजून निघाला नाही.

ऊर्जा_स्पंदन
ऍपोफिलाइट अत्यंत उच्च स्पंदनांचा आहे. उशाशी ठेवावा. विकू नये.

शंकासूर
विकू नये एवढं पटलं.

घणकर
काकू, एक विचारतो. वडील दगडाला हातोडी मारून आवाज ऐकायचे. ठण्ण वाजला तर पाटा-वरवंट्याला, जात्याला. भद्द वाजला तर डबराला. दाणेवाला दगड जात्याला कधी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, टाकी लावताना दाणे निखळतात आणि पिठात कचकच येते. ते दाणे म्हणजे हेच का?

कातळकाकू
हेच. लहान बुडबुडे पूर्ण भरले की दाणे, मोठा बुडबुडा अर्धवट भरला की माळावरच्याचं भगदाड. खड्याला टोक यायला मोकळी जागा लागते. दाण्यात ती नसते म्हणून तो नुसता पांढरा ठिपका दिसतो. तुमच्या वडिलांचं वर्गीकरण पक्कं होतं, फक्त ते कानावर चालायचं.

जांभा_चिरा
मी चिपळूणचा. लहानपणापासून एक गोंधळ आहे. शाळेत शिकवलं खडक तीन प्रकारचे: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. आणि खनिजं वेगळी. मग खडक आणि खनिज यात फरक काय? आणि आमचा जांभा या तिघांत कुठे बसतो? गुरुजींनी "परीक्षेला येत नाही" म्हणून वाटेला लावलं होतं.

कातळकाकू
पहिल्याचं उत्तर चिक्कीवर देते. शेंगदाणा, गूळ ही खनिजं. चिक्की हा खडक. खनिजाची रासायनिक घडण ठरलेली असते आणि आतले अणू ठरावीक नक्षीत बसलेले असतात. खडक म्हणजे त्यांचं मिश्रण, प्रमाण कमीजास्त चालतं. ग्रॅनाइटच्या चिक्कीत दाणे डोळ्यांना दिसतात कारण तो जमिनीखाली सावकाश थंड झाला. बेसाल्ट ही चटणी आहे: फेल्स्पार, पायरॉक्सिन आणि लोहाची ऑक्साइडं इतकी बारीक वाटलेली की भिंगाशिवाय काळं फत्तरच दिसतं. हाच लाव्हा वर न येता खालीच मुरत थंड झाला असता तर जाड दाण्यांचा गॅब्रो झाला असता. म्हणून खडकाचं नाव ठेवताना 'काय घातलंय' आणि 'कसं शिजवलंय' दोन्ही बघावं लागतं.

जांभ्याचं मात्र तुमच्या गुरुजींना दोष देऊ नका. तो तीन खणांच्या कपाटात नीट मावत नाही. मूळ बेसाल्ट असो की आणखी काही, लाखो वर्षं उष्ण आणि दमट हवेत कुजत राहिला. पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम हलले नाहीत, ते उरले. लोहामुळे लाल, ॲल्युमिनियम फार वाढलं की बॉक्साइट. कोल्हापूरकडच्या सड्यांवर तेच आहे. वाहून येऊन साचला नाही म्हणून धड गाळाचा नाही, खोलवर दाब-उष्णता सोसली नाही म्हणून रूपांतरितही नाही. काही पुस्तकं गाळाच्या खडकांसोबत उरकतात. मी 'अवशिष्ट' म्हणते आणि पुढे जाते.

त्याला लॅटेराइट हे नाव बुकानननं १८०७ साली दिलं, केरळात अंगाडीपुरमला तो विटांसारखा कापताना बघून. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट.

जांभा_चिरा
म्हणजे चिराच की! आमच्या चिरेखाणीतल्या माणसानं हे नाव फुकटात दिलं असतं. खाणीतून काढताना ओला चिरा तासावा तसा तासला जातो आणि उघड्यावर राहिला की टणक होतो, हे मात्र पुस्तकाशिवाय आम्हाला ठाऊक.

संत्र्याचं_गाव
सगळे बेसाल्ट बेसाल्ट करून राहिले म्हणून आम्हीही बोलतो. महाराष्ट्र म्हणजे नुसता लाव्हा नाही हो. नागपुरात सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, पण तिथून पूर्वेला निघालं की लाव्हा संपून जातो आणि खालचा जुना पाया उघडा पडतो. मनसरकडे मॅंगनीजच्या खाणी. माझे काका तिथे होते, हात कायम काळे. तिथल्या एका खडकाचं नावच गोंडाइट आहे, गोंड लोकांवरून फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं ठेवलेलं. त्यात मॅंगनीजचा गार्नेट आणि क्वार्ट्झ. काका म्हणायचे की हा मुळात समुद्राच्या तळचा गाळ, तो जमिनीत दाबला, भाजला आणि त्याचं असं झालं. काकू, बरोबर ना?

कातळकाकू
अगदी बरोबर. रूपांतरित खडकाचं घरचं उदाहरण. मॅंगनीज असलेला गाळ होता, खोल गेला, वितळला नाही पण आतल्या अणूंनी जागा बदलल्या आणि गार्नेट हे नवं खनिज तयार झालं. आणि हे सगळं दख्खनचा लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी. पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या विद्यार्थ्यांना रूपांतरित खडक दाखवायला सहल विदर्भातच न्यावी लागायची. घराजवळ दाखवायला होतं काय, तर रस्त्यावरची खडी.

वाघोलीकर
पुण्याचंही नाव घ्या कोणीतरी. वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट निघायचा. इतका निळा की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं रंग लावलाय. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या काट्यांचे गोळे, शेवंतीच्या कळीएवढे. नाव सरळ आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची पहिली अक्षरं जोडलेली. शोध लागला अमेरिकेत, ओरेगनमध्ये. वर्णन १९७३ मध्ये छापलं गेलं. पण जगभरच्या संग्रहांत जे चांगले नमुने आहेत ते बहुतेक वाघोलीचे.

लहानपणी आम्ही ते गोळे खिशात घालून शाळेत न्यायचो आणि पेनाच्या रिफिलवर अदलाबदल करायचो. आता त्या बाजूला सोसायट्या उभ्या राहिल्यात. माझी बहीण राहते तिच्या पार्किंगखाली काय पुरलंय कोणास ठाऊक.

परदेशी_पावणा
रिफिलवर?! टूसॉनच्या टेबलावरची किंमत सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

माळावरचा
काकूंनी फोनवर (व्यक्तिगत निरोपातून नंबर घेतला) चार परीक्षा सांगितल्या होत्या. पुतण्याला घेऊन ओट्यावर केल्या. त्याचा अहवाल.

एक, ठिणगी. तिघांतला एकही पडू देत नाही. घराच्या मागे पडलेली खरी गार आणली, ती लगेच पाडते.

दोन, ओरखडा. जुन्या काचेच्या तुकड्यावर गार घासली तर रेघ उठली. आपले खडे घासले तर काचेला काही नाही, खड्यांचाच भुगा. चाकूचं टोक तिघांवरही उमटतं. पिवळ्यावर सहज, पेंढीवर थोडा जोर लावून, शिखरवाल्यावर जास्तच जोर लावून. (एक टोक मोडलं. पुतण्याला बोलणी बसली.)

तीन, आंबट. तिघांचा भुगा वेगवेगळ्या बशीत घेऊन व्हिनेगर घातलं. पिवळा फसफसला, सोडा टाकल्यासारखा. बाकीचे ढिम्म.

चार, आच. ही मजेशीर. पेंढीतला नखाएवढा तुकडा चमच्यात धरून गॅसवर. चष्मा लावून, काकूंचा हुकूम. पारदर्शक होता तो दुधाळ पांढरा झाला, मग पापडासारखा फुगून पानं सुटली. वर काचेची बशी धरली होती, तिच्यावर दव जमलं. दगडातून पाणी! आजी म्हणाली, भुताटकी बंद करा, मला चहा ठेवायचाय.

कातळकाकू
शाबास. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं हेच केलं होतं. दगड तापवला, तो उकळल्यासारखा फुगला, म्हणून त्यानं ग्रीकमधून नाव ठेवलं झिओलाइट, उकळणारा दगड. स्टिल्बाइट त्याच घराण्यातला. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी, जाळीत बोगदे, बोगद्यांत पाणी आणि कॅल्शियम-सोडियम. हे पाहुणे आत-बाहेर करू शकतात, म्हणून कारखान्यात बनवलेले झिओलाइट जड पाणी मऊ करायला आणि कपडे धुण्याच्या पावडरीत वापरतात.

ओरखड्याची परीक्षा मोस नावाच्या गृहस्थांची, १८१२ ची. टाल्क १, हिरा १०. कॅल्साइट ३, स्टिल्बाइट साडेतीन ते चार, ऍपोफिलाइट साडेचार ते पाच, चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास, गार ७. तुमचा ओटा आणि पुस्तक तंतोतंत जुळले. गावातल्या हिऱ्यांचाही निकाल लागला.

आता शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात आवडणारी. एकाच भगदाडातले हे तीन शेजारी वर्गीकरणात तीन वेगळ्या जागी राहतात. कॅल्साइट कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच्या घरचा. स्टिल्बाइट जाळीदार सिलिकेट. ऍपोफिलाइट बहुतेकदा झिओलाइटसोबत सापडतो, दुकानदारही एकाच टोपलीत ठेवतात, पण तो झिओलाइट नाही. त्याची रचना पानापानांची, अभ्रकाच्या बाजूची. मोडलेलं टोक बघा. सपाट, आडवं तुटलंय आणि त्या तोंडावर मोतिया चमक आहे. बरोबर?

माळावरचा
बरोबर. जणू सुरीनं कापलंय. पुतण्याचा गुन्हा माफ.

शंकासूर
मग खरी गारगोटी, ती क्वार्ट्झ, कुठल्या घरची?

कातळकाकू
हा प्रश्न विचारून तुम्ही नावाला जागलात. क्वार्ट्झमध्ये फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजन. खनिजांच्या वर्गीकरणाच्या डेना यांच्या पद्धतीत तो सिलिकेट, कारण रचना जाळीची. स्ट्रुंझ यांच्या पद्धतीत ऑक्साइड, कारण घडण ऑक्साइडची. जगात सर्वात ओळखीच्या खनिजांपैकी एक, आणि दोन मोठ्या पद्धतींचं त्याच्या पत्त्यावर एकमत नाही. मी परीक्षेत दोन्ही उत्तरांना गुण द्यायचे.

घणकर
आणि आपल्याकडे जे चमकतं ते सगळं गारगोटी. सिन्नरला या खड्यांचं संग्रहालय आहे, त्याचंही नाव गारगोटीच. झिओलाइट पाहायला लोक तिथे जातात. तेव्हा आजींचं काही चुकलं नाही.

माळावरचा, धुवायला संडासाचं ॲसिड वापरू नका हं. मी एकदा माती काढायला बुडवून ठेवले होते, सकाळी सगळ्यांवर मेणचट साय. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवा. आणि वर्तमानपत्रात नको, कापसात गुंडाळा.

कातळकाकू
ॲसिडानं झिओलाइट आणि ऍपोफिलाइट दोन्ही विरघळू लागतात, सिलिकेची खळ उरते. ती तुमची साय.

माळावरचा
दहा दिवसांनी लिहितोय, माफी असावी. नवव्या परसाला पाणी लागलं. पण खालून नाही. लाल पट्ट्याच्या बुडाशी, भोकाभोकांच्या खडकातून झिरपतंय, चहूकडून. बांधकामवाला म्हणतो तेवढा भाग कडं न बांधता सोडू.

घणकर दादांनी सांगितलं तसं छिन्नीनं सोडवून एक मोठा पाट सलग काढला, पेंढ्या आणि शिखरं दोन्ही त्यावर. तो दिवाणावर ठेवलाय. मोटारसायकलवाला परत आला होता. त्याला पिवळ्याच्या वड्या दिल्या थोड्या, तो मोठ्या पाटाकडेच बघत होता. आजीनं एक शिखर तुळशीपाशी नेऊन ठेवलंय आणि अजूनही त्याला गारगोटीच म्हणते.

परदेशी_पावणा
फोटो? दहा दिवस वाट बघतोय!

माळावरचा
चढवतोय तर फाइल मोठी आहे म्हणतंय. पुतण्या शाळेतून आला की बसवतो त्याला.